जाळी किती उंच असावी?

खेळाच्या मैदानाभोवती उंच जाळी दिसली की ती कशासाठी आहे हे कोणाला सांगावे लागत नाही. चेंडू बाहेर जाऊ नये यासाठी जाळी. पण ती किती उंच असावी, कोणत्या धाग्याची असावी, तिची भोके केवढी असावीत, आणि ती उभी कशाच्या आधारावर राहावी, हे प्रश्न विचारले की गोष्ट तितकी सोपी राहत नाही. गोल्फच्या मैदानाच्या बाबतीत तर या प्रश्नांची उत्तरे मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. त्यात भौतिकीचे एक प्राध्यापक आहेत, इंग्लंडमधील न्यायाधीश आहेत, मासेमारीची जाळी विणणारे आहेत आणि जपानमधील एक वादळही आहे.

गोल्फचा चेंडू लहान असतो. आजच्या नियमानुसार त्याचे वस्तुमान ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त आणि व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. निष्णात खेळाडूच्या फटक्याने तो सेकंदाला ७० मीटर किंवा त्याहूनही अधिक वेगाने सुटतो. ½ mv² हे सूत्र वापरले तर ७० मीटर वेगाला त्याची गतिज ऊर्जा सुमारे ११२ ज्यूल येते. १६० ग्रॅम वजनाचा क्रिकेटचा चेंडू सेकंदाला ४० मीटर वेगाने निघाला तर त्याची ऊर्जा १२८ ज्यूल होते. म्हणजे वजनाने तिसऱ्या हिश्श्याएवढाही नसलेला हा चेंडू जवळजवळ तितकीच ऊर्जा घेऊन निघतो, आणि ती कितीतरी लहान जागेवर आदळवतो. उंचावरून जमिनीवर येतानाही त्याचा वेग सेकंदाला ३० मीटरच्या आसपास असतो. तेव्हा उरलेली ऊर्जा सुमारे २० ज्यूल, म्हणजे एक किलोचा दगड दोन मीटर उंचीवरून पडावा तितकी. डोक्यावर काय होईल ते सांगायला नको.

रस्त्यावर आलेला चेंडू

इंग्लंडमध्ये केंट परगण्यात समुद्रकाठी एक गोल्फचे मैदान होते. त्याच्या तेराव्या टप्प्याची सुरुवात सँडविचकडे जाणाऱ्या रस्त्याला समांतर होती. ऑगस्ट १९१९ मध्ये या रस्त्याने एक टॅक्सी चालली होती. मैदानातून आलेला चेंडू तिच्या समोरच्या काचेवर आदळला, काचेचा तुकडा चालकाच्या डोळ्यात गेला आणि काही दिवसांनी तो डोळा काढावा लागला. खटल्याचा निकाल १९२२ साली लागला. या जागेवरून मारलेले चेंडू वारंवार रस्त्यावर येतात हे पुराव्यात दिसून आले. ज्या जागी आणि ज्या दिशेने हा खेळ मांडला आहे, तीच मांडणी सार्वजनिक उपद्रव ठरते, असे न्यायालयाने मानले आणि क्लबला जबाबदार धरले.

यानंतरचा गाजलेला खटला क्रिकेटचा आहे, पण विषय हाच. ९ ऑगस्ट १९४७ रोजी मँचेस्टरजवळच्या चीटम हिल येथे एका फलंदाजाने मारलेला षटकार कुंपणावरून गेला आणि सुमारे १०० यार्डांवर, आपल्या घराबाहेर रस्त्यावर उभ्या असलेल्या एका महिलेला लागला. कुंपणाचा माथा खेळपट्टीपासून सुमारे १७ फूट उंचीवर होता. तीस वर्षांत असे चेंडू फार तर सहा वेळा बाहेर गेले असावेत, असा पुरावा आला. १९५१ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल क्लबच्या बाजूने दिला. धोका अगोदर कल्पिता येण्याजोगा होता हे मान्य; पण तो इतका थोडा होता की शहाण्या माणसाने त्याच्यासाठी काही केले नाही म्हणून त्याला दोष देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. मात्र लॉर्ड रीड यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. उपाय किती अवघड आहे याचा विचार करणे योग्य नव्हे. भरीव धोका निर्माण केल्याशिवाय एखाद्या मैदानावर खेळता येत नसेल, तर तेथे खेळूच नये.

हे दोन निकाल एकत्र वाचले की ध्यानात येते, की न्यायाधीश खरे तर संभाव्यतेचे गणित करीत होते. चेंडू किती वेळा बाहेर जातो, बाहेर कोण असते, आणि लागला तर किती इजा होते, या तिन्हींचा एकत्रित विचार म्हणजे धोका. पण चेंडू किती वेळा बाहेर जाईल हे ठरवायचे तर तो उडतो कसा हे आधी कळले पाहिजे. ते काम एडिंबरोमध्ये त्यापूर्वीच झाले होते.

टेट यांना खटकलेली वेळ

पीटर गथ्री टेट हे एडिंबरो विद्यापीठात भौतिकीचे प्राध्यापक होते. लॉर्ड केल्व्हिन यांच्याबरोबर १८६७ साली त्यांनी लिहिलेला भौतिकीवरचा ग्रंथ प्रसिद्ध आहे. दोऱ्याच्या गाठींचे पद्धतशीर वर्गीकरण करणाऱ्या पहिल्या काही गणितज्ञांतही त्यांचे नाव येते. त्यांना गोल्फचे वेड होते, आणि त्यांचा मुलगा फ्रेडी तर १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनची हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकला होता.

शाळेत आपण प्रक्षेपकाचे गणित शिकवतो. सेकंदाला ७० मीटर वेगाने, जमिनीशी ११ अंशांचा कोन करून चेंडू निघाला असे समजा. हवा नाही असे मानून गणित केले तर तो ९ मीटर उंच जातो, २.७ सेकंद हवेत राहतो आणि १८७ मीटरवर पडतो. हवेचा विरोध धरला तर हे सारे आकडे कमी व्हायला हवेत. प्रत्यक्षात काय घडते? असा चेंडू २५ ते ३० मीटर उंच जातो, सहा सेकंदांच्या आसपास हवेत राहतो आणि २०० मीटरच्या बराच पुढे पडतो. हवेने त्याला अडवायचे सोडून जणू उचलून धरले आहे!

टेट यांना नेमकी हीच गोष्ट खटकली. चेंडू हवेत फार वेळ राहतो; नुसत्या वेगाने याचा उलगडा होत नाही. फिरणारा चेंडू वळतो हे न्यूटन यांनी १६७२ साली टेनिसच्या चेंडूवरून नोंदवले होते. बेंजामिन रॉबिन्स यांनी अठराव्या शतकात बंदुकीच्या गोळीविषयी तेच दाखवले आणि १८५२ साली माग्नुस यांनी प्रयोगशाळेत त्याचा अभ्यास केला. टेट यांनी ही कल्पना गोल्फला लावली. फटक्याने चेंडूला उलटी फिरकी मिळते, म्हणजे त्याचा वरचा भाग मागे आणि खालचा भाग पुढे फिरतो. फिरता चेंडू आपल्या मागची हवा खाली ढकलतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून चेंडूवर वरच्या दिशेने बल येते. फिरकी जोरदार असेल तर हे बल चेंडूच्या वजनाइतके, कधी त्याहून थोडे जास्तही असते.

ही फिरकी त्यांनी मोजली कशी, ते विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. चेंडूला त्यांनी एक लांब, पीळ नसलेली फीत बांधली आणि थोड्याच अंतरावर ठेवलेल्या ओल्या मातीच्या गोळ्यावर चेंडू मारला. चेंडू मातीत रुतल्यावर फितीला पडलेले पीळ मोजले. जितके पीळ तितके फेरे. महागड्या यंत्राशिवाय, दीड हात फितीच्या जोरावर एक मूलभूत गोष्ट सिद्ध झाली.

मुलाने मारलेल्या एका लांब फटक्याने वडिलांचे गणित खोटे ठरवले, अशी आख्यायिका गोल्फच्या पुस्तकांत पुन्हा पुन्हा येते. ती अक्षरशः खरी मानण्याचे कारण नाही. टेट स्वतःच आपल्या गणितातील उणीव शोधत होते, आणि उत्तरही त्यांनीच दिले.

जाळीच्या दृष्टीने याचा अर्थ काय? पाठ्यपुस्तकातील सूत्राने जो ९ मीटर उंचीची जाळी बांधील, त्याच्या जाळीवरून चेंडू तिप्पट उंचीने निघून जाईल. दुसरे असे की फिरकीचा अक्ष जरा कलला, तर तेच उचलणारे बल चेंडूला बाजूला ओढते. उजव्या हाताच्या नवशिक्या खेळाडूचा चेंडू बहुधा उजवीकडे वळतो. सँडविच रस्त्यावर चेंडू येत होते ते असेच वळून. म्हणून सरळ रेषेत पाहून जाळीची जागा ठरवता येत नाही.

चेंडू बदलला, मैदान तेच राहिले

जुना गोल्फचा चेंडू कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून भरलेला असे. १८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. मलायातील झाडाच्या चिकाचा हा पदार्थ. समुद्राखालून जाणाऱ्या तारायंत्राच्या तारांवर वेष्टन म्हणून तोच वापरला जाई, आणि दंतवैद्य तो आजही वापरतात. या चेंडूच्या बाबतीत खेळाडूंच्या एक गोष्ट लक्षात आली, की नवा गुळगुळीत चेंडू नीट उडत नाही, वापरून ओरखडे पडलेला चेंडू चांगला उडतो. पुढे लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी १९०५ साली खळगे असलेल्या चेंडूच्या पेटंटसाठी अर्ज केला. खळग्यांमुळे चेंडूलगतची हवा खळबळते, ती चेंडूला अधिक मागेपर्यंत चिकटून राहते, मागची पोकळी लहान होते आणि विरोध जवळजवळ निम्म्यावर येतो. त्याआधी, १८९८ साली, अमेरिकेत कोबर्न हॅस्केल यांनी रबराचा ताणलेला धागा गुंडाळून केलेला चेंडू आणला होता. १९६० च्या दशकानंतर कृत्रिम बहुवारिकांचे भरीव चेंडू आले.

प्रत्येक बदलाने चेंडू अधिक लांब जाऊ लागला. मैदाने मात्र तेवढीच राहिली आणि त्यांच्या कडेने रस्ते व घरे वाढत गेली. आजोबांच्या काळी पुरेशी असलेली मोकळी जागा नातवाच्या काळी अपुरी पडली. जाळीची गरज निर्माण झाली ती अशी.

धागा, गाठ आणि आस

चेंडू अडवायचा तर भिंत का नको? साधे गणित करू. ११२ ज्यूल ऊर्जेचा चेंडू कठीण भिंतीवर आदळून साधारण १ सेंटिमीटर अंतरात थांबला, तर सरासरी बल ११,००० न्यूटनच्या पुढे जाते, आणि चेंडू जोराने मागे उसळतो. तोच चेंडू सैल जाळीत शिरून ३० सेंटिमीटरमध्ये थांबला तर बल ३७५ न्यूटनच्या आसपास राहते आणि चेंडू जाळीच्या पायथ्याशी पडतो. झेल घेताना आपण हात मागे नेतो तेच हे तत्त्व. म्हणून चेंडू थांबवणारी जाळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणायची नसते. तिच्यात थोडा झोळ ठेवायचा असतो. लोखंडी तारेची जाळी टिकाऊ खरी, पण ती फारशी मागे सरत नाही आणि चेंडू उलटा येतो.

जाळे हा मुळात मासेमाराचा विषय आहे. स्कॉटलंडमध्ये जाळी विणण्याचे यंत्र १८२० च्या सुमारास मसलबरा या गावी तयार झाले, आणि हेच गाव गोल्फच्या अतिजुन्या मैदानासाठीही प्रसिद्ध आहे. कापूस, सण, अंबाडी यांच्या धाग्यांची जाळी ओलाव्याने कुजतात. आपल्या कोकण किनाऱ्यावरही पूर्वी जाळी झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून काढावी लागत, ती याच कारणाने. १९३५ साली अमेरिकेत कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार झाले. १९३३ साली इंग्लंडमध्ये पॉलिइथिलीनचा आणि १९४१ साली पॉलिएस्टरच्या धाग्याचा शोध लागला. दुसऱ्या महायुद्धानंतर या तिघांनी जाळ्यांचे जग बदलून टाकले.

यांपैकी कोणता धागा निवडावा? प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे. नायलॉन मजबूत आणि ताणले जाणारे, म्हणून आघात चांगला सोसते. पण ते पाणी शोषते, ओले झाल्यावर थोडे दुबळे होते आणि संरक्षक द्रव्य नसेल तर उन्हाने झिजते. पॉलिएस्टर पाणी फारसे शोषत नाही, उन्हात अधिक टिकते, पण कमी ताणले जाते. पॉलिइथिलीन पाण्याहून हलके, स्वस्त आणि न भिजणारे. त्यात काजळी मिसळली की अतिनील किरणांपासून त्याचा बचाव होतो. काळ्या जाळीचा काळेपणा केवळ दिसण्यासाठी नसतो, तो असा. १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये अतिदीर्घ रेणूंच्या पॉलिइथिलीनपासून फार बळकट धागा काढण्याची रीत सापडली. हा धागा बारीक ठेवूनही जाळी बळकट करता येते. बारकेपणाचे महत्त्व पुढे येईलच.

गाठीचेही तसेच. गाठीपाशी धागा वाकतो, ताण एका बाजूवर येतो आणि धागा तुटायचा तर तेथेच तुटतो. बिनगाठीची, यंत्राने गुंफलेली जाळी त्यामुळे हलकी ठेवता येते.

जाळ्याच्या भोकाला कोळी लोक आस म्हणतात. चेंडूचा व्यास ४२.६७ मिलिमीटर, तेव्हा आस त्याहून पुरेसा लहान हवा. २५ मिलिमीटर बाजूचा चौकोनी आस गोल्फला सर्रास वापरतात. येथे एक फसगत होऊ शकते. आस दोन तऱ्हांनी मोजतात. एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत मोजला तर जो २५ मिलिमीटर भरतो, तोच ताणून समोरासमोरच्या गाठींमध्ये मोजला तर ५० भरतो. नुसता ‘५० चा आस’ असे सांगून मागवलेली जाळी एका अर्थाने चेंडू अडवील, दुसऱ्या अर्थाने त्याला सहज वाट देईल.

खरा प्रतिस्पर्धी : वारा

उंची कळली, धागा कळला. मग जाळी हवी तेवढी उंच का करू नये? याचे उत्तरही एका खटल्यात मिळते. इंग्लंडमधील डरहॅम परगण्यात लिंट्झ या गावी साधारण १९०५ पासून क्रिकेट खेळले जात होते. १९७० च्या दशकात मैदानाला लागून घरे झाली आणि षटकार अंगणात पडू लागले. क्लबने १९७५ साली कुंपण वाढवून सुमारे पावणेपंधरा फूट केले. त्याहून उंच करता आले नाही, कारण ते वाऱ्यात टिकले नसते. त्या वर्षी तेथे २,२२१ षटके, म्हणजे १३,३२६ चेंडू टाकले गेले. १२० षटकार झाले आणि त्यांतील सहा कुंपण ओलांडून घरांच्या बाजूला गेले. प्रमाण काढले तर २,२२१ चेंडूंत एक. १९७७ साली अपील न्यायालयाने बहुमताने क्लबला जबाबदार धरले. खेळ बंद करण्याचा आदेश मात्र दिला नाही.

हे प्रमाण लहान वाटते. पण समजा, गोल्फच्या सरावाच्या मैदानावर दिवसाला दहा हजार चेंडू मारले जातात. त्याच प्रमाणाने रोज चार-पाच चेंडू बाहेर जातील. टक्केवारी तीच, पण एकूण संख्या वाढली की धोक्याचे स्वरूप पालटते.

अशी सरावाची मैदाने सर्वाधिक भरली ती जपानमध्ये. १९५७ साली टोकियोजवळ भरलेली कॅनडा चषक स्पर्धा जपानच्या संघाने जिंकली आणि देशात गोल्फची लाट आली. जमीन तर मोजकी. तेव्हा दोन-तीन मजली सज्जे बांधून, तीन बाजूंना लोखंडी खांबांवर हिरवी जाळी ताणून, शहरांच्या मध्यभागी आणि घरांच्या शेजारी सरावाची मैदाने उभी राहिली. वादळाची सूचना मिळाली की जाळी खाली उतरवायची, अशी पद्धत तेथे आहे.

९ सप्टेंबर २०१९ रोजी पहाटे फॅक्साय हे चक्रीवादळ टोकियोच्या शेजारच्या चिबा प्रांतावर धडकले. चिबा शहरात वाऱ्याच्या झोताचा वेग सेकंदाला ५७.५ मीटर नोंदला गेला. इचिहारा शहरातील एका सरावाच्या मैदानाचे खांब जाळीसकट शेजारच्या घरांवर कोसळले आणि छपरे मोडून पडली. माणसांना चेंडूपासून वाचवण्यासाठी उभारलेली वस्तूच माणसांच्या घरांवर आली.

गणित पाहू. वाऱ्याचा दाब ½ρv² या सूत्राने काढतात. हवेची घनता १.२ धरली तर ५७.५ मीटर वेगाला तो चौरस मीटरला सुमारे २,००० न्यूटन येतो. उदाहरणादाखल दोन खांबांमधील जाळी १० मीटर रुंद व ३० मीटर उंच, आणि तिच्या क्षेत्रफळाचा १५ टक्के भाग धाग्यांनी व्यापलेला आहे असे मानू. म्हणजे वाऱ्याला अडवणारे क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर आणि ढोबळ मानाने बल ९०,००० न्यूटन, म्हणजे नऊ टन वजनाइतके! चेंडूचा आघात ३७५ न्यूटन होता, हे आठवावे. त्याच जाळीवर सेकंदाला १४ मीटरचा, म्हणजे ताशी ५० किलोमीटरचा वारा असेल तर बल अवघे ५,३०० न्यूटन असते. वेग चौपट झाला की बल सुमारे सतरा पट होते. शिवाय जाळी जितकी उंच, तितका तिचा मध्य जमिनीपासून दूर, आणि खांबाच्या बुंध्याशी पडणारे आघूर्ण तितके जास्त.

म्हणून धागा बारीक असणे, गाठी नसणे, आस गरजेपेक्षा लहान नसणे, या गोष्टींना एवढे महत्त्व आहे. आस लहान केला की चेंडू अडेल, पण वाराही अडेल. पाने, कचरा, बर्फ अडकले तर जाळीचा पडदा होतो. चेंडूसाठी जाळी दाट हवी, वाऱ्यासाठी विरळ हवी. निवड होते ती या दोन मागण्यांच्या मध्ये.

वर्गासाठी

या इतिहासातून निवडीचा एक क्रम हाती येतो. आधी चेंडू कोठून, किती उंच आणि कोणत्या बाजूला वळून जातो ते पाहावे. उंची लांबच्या फटक्यावर ठरत नाही: ३० मीटरवरच्या जाळीपाशी ११ अंशांत निघालेला चेंडू पाच-सहा मीटर उंच असतो, तर २५ अंशांत निघालेला चौदा मीटर. मग जाळीपलीकडे काय आहे ते पाहावे. शेत, रस्ता की शाळा. मग धागा व आस, आणि मग वाऱ्यासाठी खांब, पाया व जाळी उतरवण्याची सोय. इतके करूनही जाळी पुरत नसेल, तर फटक्याची जागा किंवा दिशाच बदलावी. १९२२ च्या निकालाचे सार तेच होते आणि लॉर्ड रीड यांचे म्हणणेही त्याच्या जवळचेच.

विद्यार्थ्यांकडून तीन प्रयोग सहज करून घेता येतील. एक, टेट यांचा फितीचा प्रयोग प्लास्टिकच्या चेंडूवर करून पाहावा. दोन, मच्छरदाणीचा, भाजीच्या पिशवीचा आणि मासेमारीच्या जाळ्याचा एकाच मापाचा तुकडा चौकटीत बसवून पंख्यासमोर टांगावा आणि तो किती अंशांनी कलतो ते मोजावे. तीन, चेंडू ताणलेल्या आणि सैल सोडलेल्या चादरीवर टाकून किती उसळतो ते पाहावे.

यानंतर शाळेच्या मैदानाकडे वळावे. कोणत्या टोकाला फलंदाज उभा राहतो, कोणत्या बाजूला रस्ता आहे, वर्षभरात किती चेंडू बाहेर गेले, आणि त्या वेळी रस्त्यावरून कोण जात होते? चार महिने नीट नोंद ठेवली तर जाळी हवी की खेळपट्टीची दिशा बदलायला हवी, याचे उत्तर मुलेच देतील.